झाकण असलेली राखाडी बादली

बाईंना राग आला की त्यांचा आवाज चढत नाही, उतरतो. वृत्तपत्राच्या छापखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं मुद्रितशोधकाचं काम केलं, आणि तिथले जुने लोक त्यांच्याबद्दल पहिल्यांदा हेच सांगतात. पान चुकलं की ओरडणारे उपसंपादक तिथे पुष्कळ होते, त्यांना कोणी भीक घालत नसे. बाई मात्र चुकलेल्या ओळीवर बोट ठेवून, समोरच्याला जेमतेम ऐकू जाईल अशा आवाजात विचारायच्या, "ही कोणी लावली?" मग ज्याने ती ओळ जुळवून लावली असेल तो आपणहून उठून उभा राहायचा.

गेल्या वर्षी एका बुधवारी संध्याकाळी बाईंचा आवाज इतका उतरला की टेबलापलीकडे बसलेल्या त्यांच्या सख्ख्या भावाला "काय म्हणालीस?" असं दोनदा विचारावं लागलं. भाऊ जन्मापासून आंधळा आहे आणि त्याचे कान हे त्याच्या पोटापाण्याचं साधन आहे. तो पियानोचे सूर लावून देतो. त्याला ऐकू आलं नाही म्हणजे आवाज किती खाली गेला असेल याचा अंदाज करता येईल.

बाई त्याला सांगत होत्या, "ते मी लिहिलंय."

*

बाई आज साठीला टेकल्या आहेत. छापखान्यात त्या लागल्या तेव्हा पहिली तीन वर्षं त्यांना मुद्रितं तपासायला कोणी दिलीच नाहीत. मूळ प्रत मोठ्याने वाचायची, हे त्यांचं काम. एकाने हाताने लिहिलेली मूळ प्रत वाचायची आणि दुसऱ्याने छापून आलेल्या कागदावर पेन्सिल धरून ऐकत जायचं, अशी ती पद्धत होती. वाचणाऱ्याने विरामचिन्हंसुद्धा वाचायची. "अध्यक्ष म्हणाले स्वल्पविराम अवतरण सुरू हा पूल पडलेला नाही अर्धविराम तो वाकला आहे पूर्णविराम अवतरण पूर्ण." असं दिवसाचे आठ तास.

घरी आल्यावर त्याच सुरात त्या आपल्या दहा वर्षांनी धाकट्या भावाला कॉलेजची पुस्तकं वाचून दाखवत. भाऊ अजून चिडवतो, "आमच्या ताईने मला प्रेमकथासुद्धा पूर्णविरामासकट ऐकवल्या. नायक मरतो त्या जागी उद्गारचिन्ह होतं, तेही सांगितलं."

चार वर्षांपूर्वी वृत्तपत्राने मुद्रितशोधन विभाग बंद केला. वर्षभराने बाईंना वेबसाइट बनवणाऱ्या एका कंपनीत काम मिळालं. तिथली सगळी मुलं त्यांच्या मुलीच्या वयाची. पहिल्याच दिवशी त्यांनी बाईंना 'काकू' करून टाकलं. बाईंना ते आवडलं नाही आणि त्यांनी तसं कोणाला सांगितलंही नाही.

काम असं होतं. वेबसाइटवर जी चित्रं असतात त्या प्रत्येक चित्रामागे एक वाक्य दडवून ठेवायचं असतं. डोळस माणसाला ते कधी दिसत नाही. आंधळी माणसं संगणकावर एक सॉफ्टवेअर वापरतात, ते पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतं. चित्र आलं की ते हे दडलेलं वाक्य वाचतं. वाक्य नसेल तर ते नुसतं 'चित्र' म्हणतं, किंवा चित्राच्या फाइलचा नंबर म्हणतं. ही वाक्यं लिहिणं हे बाईंचं काम.

भावासारख्या माणसांसाठी आपण काहीतरी करतोय असं त्यांना वाटलं. त्यांनी ते भावाला सांगितलंही. भाऊ म्हणाला, "चला, म्हणजे तू पुन्हा वाचून दाखवणार."

कंपनीची एक रीत होती. चित्रं बाईंकडे एका शीटमध्ये येत. एका रकान्यात क्रमांक, दुसऱ्यात चित्र, तिसरा रकाना रिकामा. चित्र कुठल्या पानावरचं, पानाच्या कुठल्या कोपऱ्यातलं, शेजारी काय, दाबल्यावर काय होतं, यातलं काहीही शीटमध्ये नसे. पान बनवणारी टीम वेगळी, वर्णनाची टीम वेगळी. वर्णनाची टीम म्हणजे बाई. शिवाय मॅनेजरने नियम घालून दिला होता: वर्णन चार शब्दांपेक्षा कमी नको आणि पंधरापेक्षा जास्त नको. कंपनीकडे तपासणीचा एक प्रोग्राम होता. चार शब्दांखालच्या वर्णनाला तो 'अपूर्ण' म्हणे आणि गुण कापी. गुण शंभर आले की काम मंजूर.

पहिल्या आठवड्यात बाईंच्या शीटमध्ये एक भिंग आलं. त्यांनी मॅनेजरला विचारलं, "हे भिंग कशासाठी आहे?"

"काकू, दिसतं ते लिहा. जास्त डोकं लावू नका."

बाईंनी लिहिलं, 'काळ्या कडेचं गोल भिंग, दांडा उजवीकडे खाली झुकलेला.' प्रोग्रामने पूर्ण गुण दिले. बाईंनी पुन्हा विचारलं नाही. छापखान्यात शंका आली तर त्या तीन वेळा विचारायच्या आणि तरी समाधान झालं नाही तर मूळ लेखकाला फोन लावायच्या. इथे एकदा विचारून गप्प बसल्या. ते एकदाच विचारणं त्यांना आजही सलतं, आणि त्या ते लपवत नाहीत.

त्या लिहीत गेल्या, आणि चांगलं लिहीत गेल्या. काटेकोर लिहायची सवय होतीच. रंग, आकार, झुकाव, रेघांची संख्या. दोन वर्षांत काही हजार चित्रं झाली. शंभरपेक्षा कमी गुण कधी आले नाहीत.

*

भाऊ तेव्हा अकरा वर्षं बाईंकडेच राहत होता. बाईंचे यजमान गेल्यावर दोघांनी मिळून राहायचं ठरलं. घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, पायऱ्या एक्कावन्न. पियानोवाल्याच्या पिशवीत किल्ल्या, तारांची भेंडोळी, नमद्याचे तुकडे आणि दोन हातोड्या असतात. पिशवी नऊ किलो भरते. दोन वर्षांपूर्वी ती खांद्याला असताना भाऊ दुसऱ्या मजल्याच्या वळणावर घसरला आणि त्याचं उजवं मनगट मोडलं. पाच महिने काम बंद. हाड जुळवणारा डॉक्टर म्हणाला, "आणखी एकदा असं पडलात तर किल्ली फिरवायचं विसरा."

गावात घरवाटपाचं एक सरकारी कार्यालय आहे. एकट्याने राहू इच्छिणाऱ्या अपंगांसाठी ते तळमजल्यावरची काही घरं राखून ठेवतं. अर्ज तीन वर्षांतून एकदा, बारा दिवसांसाठी उघडतात. मागच्या खेपेला भावाचा अर्ज बाईंनी भरला होता, छापील कागदावर, त्यांच्या सुरेख अक्षरात. मुलाखतीत अधिकाऱ्याने विचारलं, "अर्ज कोणी भरला?" भावाने खरं सांगितलं. महिन्याभराने उत्तर आलं: 'अर्जदार स्वतंत्र राहण्यास सक्षम असल्याचे दिसून येत नाही.'

भावाने ते उत्तर बाईंकडून तीन वेळा वाचून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे तुझं अक्षर चांगलं म्हणून मी नालायक."

या खेपेला कागद बंद झाले होते. अर्ज फक्त वेबसाइटवर. भाऊ खूश झाला. बोलणाऱ्या सॉफ्टवेअरवर त्याचा हात बसलेला आहे. त्या आवाजाला तो 'बया' म्हणतो. "या वेळी बया आणि मी. तू मध्ये यायचं नाहीस," असं त्याने बाईंना बजावलं. त्याच्या खोलीचं दार लागलं.

अर्ज लांबलचक होता. पान वीस मिनिटांनी आपोआप बंद होई, म्हणून मधेमधे भरलेला मजकूर जपून ठेवणं भाग होतं. जपून ठेवायचं बटण आहे, असं वरच्या सूचनांमध्ये लिहिलं होतं. पण बटणांवर शब्द नव्हते, चित्रं होती. अर्जाच्या तळाशी चार बटणं ओळीने होती आणि बया ती अशी वाचत होती:

'डावीकडे वळलेला जाड काळा बाण, बटण.'

'निळा चौकोन, वरचा उजवा कोपरा कापलेला, मध्ये पांढरी पट्टी, बटण.'

'झाकण असलेली राखाडी बादली, अंगावर तीन उभ्या रेघा, बटण.'

'हिरव्या वर्तुळात पांढरी तिरकी खूण, बटण.'

भाऊ विचार करणारा माणूस आहे. त्याने विचार केला. बाण म्हणजे मागे जाणं असावं. कोपरा कापलेला चौकोन म्हणजे काय ते कळेना. कापलेलं काही दाबायला नको. हिरवं वर्तुळ शेवटचं दिसतंय, ते आत्ता नको. राहिली बादली. एखादी वस्तू जपून ठेवायची तर माणूस झाकण असलेल्या भांड्यातच ठेवतो. त्याने बादली दाबली.

बयेने विचारलं, 'आपली खात्री आहे का?' त्याने 'होय' दाबलं. पान कोरं झालं.

पहिल्या वेळी त्याला वाटलं, आपलाच हात कुठेतरी चुकला. दोन दिवसांनी त्याने सगळा अर्ज पुन्हा भरला, पुन्हा बादली दाबली, पुन्हा कोरं पान. या वेळी बया आणखी एक वाक्य बोलली: 'आपले तीनपैकी दोन प्रयत्न झाले आहेत.' तिसरा गेला की पुढची तीन वर्षं काही नाही. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता संपत होती. तो दिवस बुधवारचा.

भाऊ खोलीतून बाहेर आला आणि टेबलाशी बसला. मदत मागायला आला नव्हता; शिव्या द्यायला आला होता.

"कोण गाढव बसलंय गं तिथे? मला बटणाचं नाव हवंय, तर मला वस्तुसंग्रहालय दाखवतात! झाकण असलेली राखाडी बादली, अंगावर तीन उभ्या रेघा..."

बाईंनी हातातला कप खाली ठेवला. शीटमधला एकशे अठरावा क्रमांक. वाक्य त्यांना पाठ होतं. आधी त्यांनी 'बाजूला तीन रेघा' असं लिहिलं होतं, मग 'बाजूला' खोडून 'अंगावर' केलं होतं, आणि शब्द नेमका सापडला म्हणून त्या दिवशी त्यांना बरंही वाटलं होतं.

"ते मी लिहिलंय."

"काय म्हणालीस?"

तिसऱ्यांदा सांगितल्यावर भावाने ऐकलं. मग म्हणाला, "छान लिहिलंयस. रेघासुद्धा मोजल्यास."

"अरे, मला पान दाखवलंच नाही कोणी. नुसती चित्रं..."

"आणि तू विचारलं नाहीस."

"एकदा विचारलं."

"एकदा!" भाऊ उठला. "माझ्या पुस्तकात एक शब्द पुसट असला तर तू तो लेखकाच्या घरी जाऊन विचारून यायचीस, ताई. एकदा म्हणे!"

दार पुन्हा लागलं.

*

गुरुवारी सकाळी साडेनऊला बाई कंपनीत पोचल्या आणि सरळ डिझायनर मुलीच्या टेबलाशी गेल्या. ही मुलगी पानांची रचना करते. दोन वर्षं दोघी एकाच मजल्यावर बसत होत्या, पाण्याच्या कूलरजवळ हसत होत्या, आणि एकमेकींचं काम काय हे दोघींनाही माहीत नव्हतं.

"घरवाटपाचं पान काढ," बाई म्हणाल्या.

मुलीने पान काढलं. आपण लिहिलेली चित्रं बाईंनी पानावर बसलेली पहिल्यांदाच पाहिली. वरच्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा होत्या. बाईंनी तिथे लिहिलं होतं, 'समान लांबीच्या तीन आडव्या काळ्या रेघा.'

"याला काय म्हणतात तुमच्यात?"

"हॅम्बर्गर. वर पाव, खाली पाव, मध्ये... दाबलं की सगळी यादी उघडते."

"आणि ही वरची बारीक ओळ? मुखपृष्ठ, मग अर्ज, मग कुटुंब..."

"ती ब्रेडक्रम. आपण कुठून कुठे आलो ते कळतं. पावाचा चुरा टाकत जातात ना, तसं."

"तुम्ही लोक जेवून येत नाही का गं कामाला?"

मुलगी हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी बादलीकडे बोट केलं. मुलीने माउस नेऊन बादलीवर ठेवला आणि बादलीच्या डोक्यावर पिवळी चिठ्ठी उमटली: 'अर्ज पुसा.' माउस कोपरा कापलेल्या निळ्या चौकोनावर गेला: 'जपून ठेवा.'

"ही नावं कुठून आली?"

"मीच दिली. माझ्या फाइलमध्ये आहेत ना सगळ्यांची. माउस नेला की दिसतात."

"ज्याला माउस दिसत नाही त्याने काय करायचं?"

"त्याच्यासाठी तुमचं वर्णन असतं ना, काकू." मग ती थांबली. तिला काहीतरी कळायला लागलं होतं. "ती फाइल तुम्हाला पाठवलीय ना? मला वाटलं, पाठवतात."

नावं होती. दोन वर्षं होती, पंधरा पावलांवर. डोळसांना आधीच चित्र दिसत होतं, त्यांना वर नावही मिळत होतं. ज्यांना चित्र दिसत नाही त्यांना रेघा मोजून दिल्या जात होत्या.

"आणि चुकून पुसलं तर?" बाईंनी विचारलं. आवाज इतका खाली होता की मुलीने खुर्ची जवळ ओढली.

"मग टोस्ट येतो."

"आता हा टोस्ट कोण?"

"खालून छोटी पट्टी वर येते. 'अर्ज पुसला आहे, परत आणा' अशी. पाच सेकंद राहते आणि जाते."

"बोलून दाखवते ती पट्टी?"

मुलीने तपासलं. पट्टीवर तशी सोय लावलेली नव्हती. म्हणजे दोन्ही वेळा भावाचा अर्ज पाच सेकंद परत मिळण्यासारखा होता, दोन्ही वेळा पट्टी त्याच्यासमोर येऊन मुकाट्याने निघून गेली होती.

बाई मॅनेजरच्या केबिनमध्ये गेल्या. त्यांचं म्हणणं दोन वाक्यांचं होतं: या पानावरच्या एकसष्ट बटणांची वर्णनं चुकली आहेत, ती आज बदलायची. शीटमधला मजकूर रोज संध्याकाळी सहा वाजता आपोआप वेबसाइटवर चढतो, तेव्हा सहाच्या आत.

"काकू, काम मंजूर झालंय. शंभर गुण आलेत. मंजूर शीटला हात लावायचा नाही."

"गुण कोणी दिले?"

"प्रोग्रामने."

"त्या प्रोग्रामला घर नकोय."

"तुम्ही भावनेच्या भरात बोलताय."

"मी? मी तर दोन वर्षं नुसती बादली लिहितेय."

"हे बघा, बदल पुढच्या फेरीत घेऊ. तीन महिन्यांनी पुन्हा..."

"माझ्या भावाच्या अर्जाची मुदत उद्या पाचला संपते."

"एका माणसासाठी मी अख्खी प्रक्रिया मोडू?" मॅनेजरने घड्याळ पाहिलं. "आणि घरी बसून भावाचा अर्ज तुम्हीच भरून टाका की. दहा मिनिटांचं काम. एवढा कसला इश्यू?"

मागच्या खेपेचं ते एका ओळीचं उत्तर या माणसाला सांगण्यात अर्थ नव्हता. बाई बाहेर आल्या.

दोन वाजता मॅनेजर बाहेरच्या मीटिंगला गेला. दोन वाजून दहा मिनिटांनी बाईंनी शीट उघडली आणि डिझायनर मुलीला हाक मारली.

"तुझी फाइल घेऊन ये. तू मूळ वाच, मी लावते."

"माझं नाव सांगू नका हं, काकू."

"तुझं नाव मला माहीतच नाही. सगळे तुला 'डिझाइन' म्हणूनच हाका मारतात."

मुलगी वाचू लागली. पहिल्या दोनतीन ओळींना बाईंनी तिला थांबवलं: घाई नको, क्रमांक आधी, मग नाव, मग थांब. मग लय सापडली. "एकशे सतरा. जपून ठेवा." चार शब्दांचा नियम होताच, तो मोडून प्रोग्रामला जाग आणायची नव्हती. बाईंनी 'निळा चौकोन' खोडून लिहिलं, 'अर्ज जपून ठेवण्याचे बटण.' मोजून चार शब्द. "एकशे अठरा. अर्ज पुसा." 'अर्ज पुसून टाकण्याचे बटण.' "एकशे एकोणीस. सादर करा." 'अर्ज कायमचा सादर करणे.' एकसष्ट ओळी संपायला साडेतीन तास लागले, कारण प्रत्येक ओळ लावून झाल्यावर बाई ती परत वाचून दाखवत आणि मुलीने फाइलवर बोट ठेवून 'बरोबर' म्हणायचं असा त्यांचा आग्रह. छापखान्यातला तो विभाग बंद पडून तीन वर्षं झाली होती, पण त्या दुपारी तो दोन टेबलांवर चालू होता.

सहा वाजता शीट चढली. प्रोग्रामने शंभर गुण दिले.

टोस्टचं काही करता आलं नाही. ते शीटमधून होत नव्हतं.

*

शुक्रवारी बाई कामावर गेल्या नाहीत. दुपारी भाऊ म्हणाला, "घराबाहेर जा."

"मी आत स्वयंपाकघरात..."

"बाहेर. उद्या मला विचारतील, घरात कोण होतं. मला खोटं बोलता येत नाही, तुला माहितीय."

"एक ऐक. चुकून पुसलंस तर पाच सेकंद पट्टी येते, पण ती..."

"ताई, जा."

बाई एक्कावन्न पायऱ्या उतरून खालच्या पायरीवर बसल्या. तीन वाजले होते. त्यांनी पुस्तक आणलं होतं, उघडलं नाही. साडेतीनला मॅनेजरचा फोन आला, त्यांनी घेतला नाही. चारला पुन्हा आला. सव्वाचारला संदेश आला: 'शीटमध्ये कोणी बदल केले? लगेच कळवा.' बाईंनी उत्तर लिहिलं: 'मी. एकसष्ट.' आणि फोन पिशवीत टाकला. वरून काही आवाज येत नव्हता. अर्धा तास त्यांनी जिन्याच्या कठड्याचे गज मोजले, मग त्यांच्या लक्षात आलं की आपण पुन्हा मोजतोय, आणि स्वतःचाच राग येऊन त्या उठून उभ्या राहिल्या.

पाचला अकरा मिनिटं असताना वर दार उघडल्याचं ऐकू आलं. भाऊ कठडा धरून खाली येत होता, पिशवीशिवाय, एकेक पायरी. बाईंनी वर जायचं नाही असं ठरवलं होतं, त्या गेल्या नाहीत.

शेवटच्या पायरीवर तो थांबला आणि त्याने अर्जाचा क्रमांक म्हटला, एकेक आकडा सुटा. अकरा आकडे. बाईंनी तो परत म्हणून दाखवला.

"बरोबर," भाऊ म्हणाला. मग कठडा सोडून, "बादली नव्हती आज. बया म्हणाली, 'अर्ज पुसून टाकण्याचे बटण.' मी म्हटलं, आता कशी तोंडाने बोललीस."

"दुसरं काही अडलं?"

"नाही. आणि मी अजून रागावलेलो आहे."

"राहा."

दोघं एक्कावन्न पायऱ्या चढून वर गेले.

*

सोमवारी कंपनीने बाईंना काढलं. कारण लिहिलं होतं, 'मंजूर सामग्रीत अनधिकृत बदल.' मंगळवारी भावाने सहज ते पान उघडलं आणि खोलीतून ओरडला, "ताई! बादली परत आली!" मॅनेजरने मंजूर झालेली जुनी शीट पुन्हा चढवली होती. गुण शंभरच होते.

पाच आठवड्यांनी भावाची मुलाखत झाली. तोच अधिकारी, तोच प्रश्न. "अर्ज भरायला मदत कोणी केली?"

"कोणी नाही," भावाने सांगितलं. "अडचण मात्र घरातूनच आली होती."

अधिकाऱ्याला ते कळलं नाही. त्याने पुढचा प्रश्न विचारला.

घर मिळाल्याचं पत्र आलं ते छापील कागदावर. आंधळ्यांच्या घरवाटपाचं पत्र, बारीक टायपात. भावाने ते बाईंच्या हातात दिलं आणि म्हणाला, "वाच. पूर्णविरामासकट." बाईंनी वाचलं. तळमजला, घर क्रमांक चार, दोन खोल्या, दारापर्यंत पायरी नाही. पत्रात शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या, त्याही त्यांनी वाचून दाखवल्या.

भाऊ आता तिथे राहतो. पिशवी दाराशीच ठेवतो. मनगट ठीक आहे. बाई रविवारी जातात, आल्याबरोबर तो विचारतो, "काढली का?"

'काढली का' म्हणजे बादली. बाईंनी घरवाटप कार्यालयाला पत्र लिहिलं, एकसष्ट क्रमांक, एकसष्ट नावं, कोणी चूक केली तेही, म्हणजे स्वतःचं नावही. उत्तर आलं: 'सदर पानावरील वर्णने तपासणीत शंभर गुणांनी उत्तीर्ण असून त्यात बदलाची आवश्यकता नाही.' बाईंनी ते उत्तर टेबलावर पसरलं, लाल शाईचं पेन घेतलं, 'उत्तीर्ण' या शब्दाखाली रेघ ओढली आणि समासात छापखान्यातली खूण करून लिहिलं, 'मूळ पाहावे.' मग तोच कागद पाकिटात घालून परत पाठवला. दुसरं उत्तर आलं, शब्दशः तेच. तेही समासात तेच लिहून परत गेलं.

ही हकीकत ऐकायला मी त्यांना भेटलो तेव्हा सहावं उत्तर टेबलावर होतं. पुढचे अर्ज उघडायला दोन वर्षं आणि दोन महिने बाकी होते. बाईंनी पेनाचं टोपण काढलं, 'उत्तीर्ण' या शब्दावर बोट ठेवलं आणि जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात विचारलं, "हे कोणी लावलंय, तुम्हाला माहितीय?"